ब्राउझर शब्द कुठे तोडतो: बहुभाषिक मजकुरातील स्वयंचलित शब्दविच्छेद

प्रश्न थोडक्यात असा आहे. एकाच संकेतस्थळावर इंग्रजी, जर्मन, पोलिश, हिंदी आणि मराठी मजकूर आहे. सीएसएसमध्ये, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेत, सगळ्या परिच्छेदांना ‘हायफन्स’ हा गुणधर्म ‘ऑटो’ या मूल्यासह दिलेला आहे, म्हणजे ओळीच्या शेवटी न मावणारा शब्द ब्राउझरने आपणहून तोडावा. तरीही जर्मन शब्द भलत्याच जागी तुटतात, मराठी शब्द एका ब्राउझरमध्ये तुटतात आणि दुसऱ्यात अखंड राहतात, आणि मोबाईलच्या अरुंद पडद्यावर काही लांब शब्द चौकटीबाहेर जातात. हा ब्राउझरचा दोष मानावा की आपल्याच बाजूने काही राहून गेले आहे, आणि एखादी जावास्क्रिप्ट लायब्ररी, म्हणजे पानात जोडायचा तयार प्रोग्राम, घालून हा प्रश्न एकदाचा मिटेल का, असे आपण विचारले आहे.

माझे उत्तर असे की यातला मोठा भाग आपल्या बाजूने राहून गेलेला आहे आणि तो लायब्ररी न घालता सुटतो. शब्द कुठे तोडायचा हा मांडणीचा निर्णय वाटतो, परंतु तो मुळात भाषेचा निर्णय आहे. ब्राउझर मजकूर वाचून भाषा ओळखत नाही. परिच्छेदावर भाषेची जी खूण आपण लावली असेल, ती तो निमूटपणे खरी मानतो आणि त्या भाषेच्या नियमांनी शब्द तोडतो. खूणच नसेल तर ‘ऑटो’ लिहूनही तो काहीच करत नाही. खूण चुकीची असेल तर तो आत्मविश्वासाने चुकीचे करतो, आणि ही स्थिती खूण नसण्यापेक्षा वाईट आहे, कारण ती लवकर लक्षात येत नाही.

आपल्या जर्मन पानांचे नेमके हेच झाले असावे. बहुभाषिक संकेतस्थळाचा साचा बहुधा प्रथम इंग्रजीसाठी तयार होतो. पानाच्या मूळ टॅगवर ‘लँग’ या गुणधर्मात इंग्रजीची खूण कायमची लिहिली जाते आणि पुढे भाषांतरे आली तरी ती तशीच राहते. मी स्वतः एका मोठ्या सूचीपत्रात ही चूक अनेक महिने चालू राहिलेली पाहिली आहे. जर्मन वाचकांना शब्द विचित्र तुटलेले दिसत होते, पण मांडणी पाहणाऱ्या आमच्यापैकी कोणालाच जर्मन येत नव्हते, त्यामुळे ओळी नीट भरलेल्या दिसल्या की आमचे समाधान होत असे. जर्मनमध्ये अनेक शब्द जोडून एक लांब शब्द तयार होतो आणि तो जोडाच्या ठिकाणीच तुटावा अशी वाचकाची अपेक्षा असते. जर्मन जुळणीकारांचे एक जुने उदाहरण ‘ब्लूमेनटॉप्फएर्डे’ हे आहे. फुले, कुंडी आणि माती या तीन शब्दांचा हा समास असून त्याचा अर्थ कुंडीत घालायची माती असा होतो. तो ‘टॉप्फ’ नंतर तुटला तर दुसऱ्या ओळीवर ‘एर्डे’, म्हणजे माती, येते. एक-दोन अक्षरे अलीकडे तुटला तर दुसऱ्या ओळीवर ‘प्फेर्डे’ येते आणि त्याचा अर्थ घोडे असा होतो. डोळा ओळीच्या शेवटी थांबतो, पुढच्या ओळीवर घोडे पाहतो आणि मागे वळून पुन्हा वाचू लागतो. चुकीच्या विच्छेदाने वाचकाचे नुकसान होते ते हेच.

ब्राउझर तोडण्याची जागा कशी ठरवतो हे एकदा समजून घेतले की बाकीच्या तक्रारींची उत्तरे आपोआप मिळू लागतात, म्हणून तिथे थोडे थांबू. आज प्रचलित असलेली जवळजवळ सर्व साधने ज्या पद्धतीवर चालतात, ती फ्रँकलिन लिआंग यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात डोनाल्ड कनूथ यांच्या मार्गदर्शनाखाली केलेल्या संशोधनातून आली आहे. त्यांचा प्रबंध १९८३ सालचा आहे. कनूथ यांच्या टेक्स या अक्षरजुळणी प्रणालीसाठी हे काम झाले. संपूर्ण शब्दकोश स्मरणात ठेवण्याऐवजी अक्षरांचे छोटे-छोटे तुकडे ठेवायचे आणि तुकड्यातील अक्षरांच्या मध्ये आकडे लिहायचे, ही त्यातील मूळ कल्पना. विषम आकडा म्हणजे इथे तोडण्यास परवानगी, सम आकडा म्हणजे मनाई. एकाच जागेवर अनेक तुकडे वेगवेगळे आकडे सांगत असतील तर सर्वांत मोठा आकडा जिंकतो. इंग्रजीसाठी असे ४४४७ तुकडे आणि अपवादांचे अवघे १४ शब्द पुरले, आणि तेवढ्या सामग्रीवर मूळ शब्दकोशातील सुमारे ८९ टक्के विच्छेदस्थाने सापडत होती. उरलेली ११ टक्के सुटली तरी चुकीची जागा जवळजवळ सुचवली जात नव्हती, आणि ही निवड मला फार शहाणपणाची वाटते. एखादी योग्य जागा हुकली तर ओळ थोडी सैल होते, चुकीची जागा निवडली तर वाचन अडखळते.

त्या १४ अपवादांतही शिकण्यासारखे आहे. ‘प्रेझेंट’ आणि ‘प्रोजेक्ट’ हे इंग्रजी शब्द त्यात आहेत आणि ते कुठेच तोडू नयेत असे तिथे नोंदवले आहे. कारण नाम म्हणून त्यांचा उच्चार वेगळा तुटतो आणि क्रियापद म्हणून वेगळा, आणि वाक्याचा अर्थ कळल्याखेरीज यंत्राला त्यांतला फरक कळणे शक्य नाही. जिथे कळत नाही तिथे हात लावू नये, हे धोरण त्या यादीतच बसवलेले आहे.

आता हीच पद्धत देवनागरीवर कशी चालते ते एका शब्दावर पाहू. भारतीय भाषांसाठी अशा तुकड्यांचे संच संतोष तोट्टिंगल यांनी तयार केले आणि मराठीचा संचही त्यांत आहे. इंग्रजीप्रमाणे तो शब्दकोशातून काढलेला नाही. तो लिपीच्या रचनेवर आधारलेला असून अगदी आटोपशीर आहे. प्रत्येक व्यंजनाच्या आधी १, म्हणजे तोडण्यास परवानगी. काना, मात्रा, वेलांटी, उकार यांच्या नंतर परवानगी, आधी नाही. अनुस्वार आणि विसर्ग यांच्या आधी २, म्हणजे मनाई. पाय मोडण्याच्या, म्हणजे हलंत, चिन्हाच्या दोन्ही बाजूंना २. ‘संस्कृतीसाठी’ हा शब्द घेतला तर संगणकाच्या दृष्टीने तो स, अनुस्वार, स, हलंत चिन्ह, क, ऋकार, त, दुसरी वेलांटी, स, काना, ठ, दुसरी वेलांटी असा बारा चिन्हांचा आहे. पहिल्या ‘स’ आणि अनुस्वार यांच्या मध्ये २ आहे, म्हणून तिथे तोडता येत नाही. अनुस्वारानंतर पुढचा ‘स’ येतो आणि त्याच्या आधी १ आहे, म्हणून ‘सं-’ इथे परवानगी मिळते. पुढची जागा महत्त्वाची आहे. ‘क’ हे व्यंजन असल्यामुळे त्याच्या आधी १ आहे, परंतु त्याच जागेवर हलंत चिन्ह २ सांगते. दोन हा एकापेक्षा मोठा, आणि सम. म्हणून परवानगी मागे पडते, मनाई टिकते आणि ‘स्कृ’ हे जोडाक्षर अखंड राहते. शेवटी शब्द ‘सं-स्कृ-ती-सा-ठी’ असा उलगडतो. रफार आणि ‘दऱ्या’, ‘वाऱ्या’ यांतील ‘ऱ्य’ ही याच नियमाने अखंड राहतात, कारण त्यांच्याही पोटात हलंत चिन्हच असते.

इथे मराठीपुरती एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. वरच्या नियमांनी अक्षर कधी फुटत नाही, पण शब्दाचा अर्थ फुटू शकतो. या नियमांना प्रत्यय, उपसर्ग, समास यांची जाणीव नाही. ‘संस्कृती-साठी’ हा विच्छेद वाचकाला सुखावतो, ‘संस्कृतीसा-ठी’ हा खटकतो, आणि यंत्राच्या लेखी दोन्ही सारखेच. ‘राजकारण’ हा शब्द ‘राज-कारण’ असा तुटला तर ठीक. ‘राजका-रण’ असा तुटला तर पुढच्या ओळीच्या सुरुवातीला रण येऊन बसते. ‘मुलाखत’ चे ‘मुला-खत’ झाले तर पुढच्या ओळीवर खत दिसते. त्याशिवाय मराठीत लिहिलेला पण न उच्चारलेला अकार असतो. ‘बदलला’ आपण ‘बदल-ला’ असे म्हणतो. नियमांना मात्र ‘ब-दलला’ आणि ‘बद-लला’ हेही तितकेच मान्य आहे. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटूनच येतात, त्यामुळे ‘विद्यार्थ्यांसाठीसुद्धा’ यासारखे लांब शब्द रोजच्या मजकुरातही सापडतात. ते तोडण्याची गरज खरी आहे, आणि ती प्रत्ययाच्या जोडावर भागली तर उत्तम. दुर्दैवाने आज ब्राउझरला ते कळण्याची सोय नाही.

यावर उपाय म्हणून मी मराठी मजकुरात विच्छेदाला मर्यादा घालतो. ‘हायफनेट-लिमिट-चार्स’ हा गुणधर्म तीन आकडे घेतो: शब्द किमान किती लांब असावा, तुटण्याआधी किमान किती अक्षरे राहावीत आणि तुटल्यावर किमान किती जावीत. क्रोममध्ये तो १०९ या आवृत्तीपासून आहे. लॅटिन लिपीसाठी पाच, दोन, दोन हे आकडे पुरेसे होतात. देवनागरीसाठी ते अपुरे आहेत आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. सीएसएसच्या मानकानुसार या मोजणीत जागा न घेणारी जोडचिन्हे धरायची नसतात. युनिकोड या सर्व लिपींच्या चिन्हांसाठीच्या मानकाच्या वर्गीकरणात उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलंत चिन्ह जागा न घेणारी आहेत, पण काना आणि दोन्ही वेलांट्या जागा घेणाऱ्या आहेत. म्हणजे ‘ते’ हे अक्षर एक भरते आणि ‘ता’ किंवा ‘ती’ दोन भरतात. मराठी वाचकाला हे सगळे एकेकच अक्षर आहे. म्हणून मी मराठीला आठ ते दहा, तीन, तीन किंवा त्याहून थोडे मोठे आकडे देतो आणि प्रत्यक्ष मजकुरावर पाहून ते पक्के करतो. थोडे विच्छेद कमी झाले तरी चालतील, पण ओळीच्या शेवटी एकटा ‘ब-’ उभा राहू नये.

आता एका ब्राउझरमध्ये मराठी शब्द तुटतात आणि दुसऱ्यात नाही याविषयी. ‘ऑटो’ हे मूल्य ब्राउझरला कळणे वेगळे आणि त्या भाषेचे नियम त्याच्याजवळ असणे वेगळे. फायरफॉक्स आणि सफारी यांनी २०११ साली आपापल्या उपसर्गासह, म्हणजे गुणधर्माच्या नावाआधी आपला शब्द जोडून, हा गुणधर्म आणला. क्रोममध्ये तो २०१६ च्या अखेरीस ५५ व्या आवृत्तीत आला, तोही फक्त अँड्रॉइड आणि मॅकवर. विंडोजवरील वापरकर्त्यांना २०२१ साली ८८ व्या आवृत्तीपर्यंत थांबावे लागले. सफारीने उपसर्ग काढण्यासाठी २०२३ मधील १७ वी आवृत्ती उजाडली, म्हणून जुन्या उपकरणांसाठी ‘वेबकिट’ उपसर्गाची ओळ आजही सोबत लिहावी. नियमांचा साठा मात्र प्रत्येकाचा वेगळा आहे. सफारी ॲपलच्या कार्यप्रणालीकडे विचारणा करते. क्रोम अँड्रॉइडच्या घराण्यातील नियमसंग्रह वापरतो, आणि त्यात मराठी, हिंदी, बंगाली, तमिळ अशा भारतीय भाषा आहेत. फायरफॉक्स स्वतःचा संग्रह सोबत आणतो आणि त्यात युरोपीय भाषांचा भरणा अधिक आहे. डेस्कटॉपवरील क्रोम आपला संग्रह स्वतंत्र घटक म्हणून मागाहून उतरवतो. त्यामुळे नव्याने बसवलेल्या ब्राउझरमध्ये तो घटक येईपर्यंत काहीच तुटलेले दिसत नाही आणि चाचणी करणारा विनाकारण गोंधळतो.

सीएसएसमधील ‘सपोर्ट्स’ ही चौकशी इथे उपयोगी पडत नाही, ही बाब अनेकांच्या लक्षात येत नाही. ती फक्त गुणधर्म ओळखीचा आहे की नाही एवढे सांगते. मराठीचे नियम आहेत की नाहीत हे सांगत नाही. ते जाणून घ्यायचे असेल तर एकच खात्रीचा मार्ग आहे. पानावर दिसणार नाही अशी एक अत्यंत अरुंद चौकट तयार करावी, तिला त्या भाषेची खूण आणि ‘ऑटो’ हे मूल्य द्यावे, तिच्यात एक लांब शब्द ठेवावा आणि चौकटीची उंची मोजावी. उंची एका ओळीपेक्षा जास्त आली तर नियम आहेत, एकच ओळ आली तर नाहीत.

भाषेची खूण कशी लावावी यालाही तपशील आहे. पानाच्या मूळ टॅगवर पानाची मुख्य भाषा, आणि मजकुरात दुसऱ्या भाषेचा परिच्छेद, अवतरण किंवा वाक्यांश आला तर त्या तुकड्यावर त्याची स्वतःची खूण. वेब सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांतही पानाची भाषा आणि भागांची भाषा या दोन स्वतंत्र अपेक्षा आहेत, त्यामुळे हे काम एकदा केले की पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा स्क्रीन-वाचक वापरणाऱ्यांनाही त्याचा लाभ होतो. मराठी, हिंदी, नेपाळी आणि संस्कृत या चारही भाषा देवनागरीत लिहिल्या जातात, म्हणून लिपी पाहून भाषा ठरवता येईल ही आशा इथे पहिल्याच पायरीवर संपते. प्रदेश आणि कालखंड यांनीही फरक पडतो. ज्ञान या अर्थाचा ‘नॉलेज’ हा इंग्रजी शब्द ब्रिटिश परंपरेत डब्ल्यूनंतर तुटतो आणि अमेरिकन परंपरेत एलनंतर, कारण पहिली परंपरा शब्दाच्या घडणीकडे पाहते आणि दुसरी उच्चाराकडे. जर्मनसाठी फायरफॉक्स १९०१ आणि १९९६ च्या लेखननियमांचे वेगळे संच ठेवतो. साखर या अर्थाच्या ‘त्सुकर’ या शब्दातील सी आणि के ही जोडी जुन्या नियमांनुसार तुटताना के आणि के अशी बदलत असे. नव्या नियमांत ती अखंड राहून पुढच्या ओळीवर जाते. जुने साहित्य जसेच्या तसे प्रकाशित करणाऱ्याने ही खूण नेमकी लावणे अगत्याचे आहे.

त्या जुन्या जर्मन उदाहरणावरून आणखी एक मर्यादा दिसते. लिआंग यांच्या पद्धतीत तोडण्याची जागा सांगता येते, पण तोडताना वर्णलेखन बदलण्याची सोय मुळात नाही. हंगेरियनमध्ये स्त्री या अर्थाचा ‘अस्सोन्य’ हा शब्द मध्ये एस-एस-झेड असा आखूड लिहितात, पण तुटला की दोन्ही ओळींवर एस-झेड पूर्ण लिहावे लागते. लास्लो नेमेथ यांनी ‘हायफन’ या मुक्त लायब्ररीत ही सोय घातली आणि लिब्रेऑफिसमध्ये ती वापरली जाते. वेबवर मात्र तिच्यावर भिस्त ठेवू नये. पोलिशमध्ये वेगळाच नियम आहे: ज्या शब्दात मुळातच संयोगचिन्ह आहे तो त्या चिन्हापाशी तुटला तर चिन्ह ओळीच्या शेवटी आणि पुढच्या ओळीच्या सुरुवातीला असे दोनदा लिहितात, म्हणजे ते चिन्ह शब्दाचेच आहे हे वाचकाला कळते. आपल्या पोलिश पानांवर असे दोनदा चिन्ह दिसले तर ती चूक समजून दुरुस्त करू नये.

तुटलेल्या शब्दापुढे ओळीच्या शेवटी संयोगचिन्ह दिसावे की नाही, हाही भाषेचाच प्रश्न आहे. मल्याळम, तमिळ, कन्नड आणि तेलुगू या लिपींत अँड्रॉइडची मांडणीप्रणाली शब्द तोडते, पण चिन्ह घालत नाही. मराठी छपाईत तुटलेल्या शब्दाला चिन्ह देण्याची रीत रुळलेली आहे, म्हणून मराठीत ते ठेवावे असे माझे मत आहे. वेगळे चिन्ह हवे असेल किंवा नकोच असेल तर ‘हायफनेट-कॅरेक्टर’ हा गुणधर्म आहे. अरबीत शब्द तोडत नाहीत, अक्षरे लांबवून ओळ भरतात. त्याच लिपीत लिहिली जाणारी उइघुर भाषा मात्र शब्द तोडते. चिनी, जपानी आणि थाई यांचे ओळ तोडण्याचे नियम स्वतंत्र आहेत आणि तिथे या गुणधर्माचे काम पडत नाही.

चौकटीबाहेर जाणाऱ्या शब्दांविषयी आता. विच्छेदाचे नियम नसतील, किंवा शब्द नियमांत बसत नसेल, जसे संकेतस्थळाचे पत्ते आणि लांब सांकेतिक क्रमांक, तर ‘ऑटो’ काही करू शकत नाही. तिथे ‘ओव्हरफ्लो-रॅप’ या गुणधर्माला ‘ब्रेक-वर्ड’ किंवा ‘एनीव्हेअर’ हे मूल्य द्यावे. हा शेवटचा उपाय आहे: शब्द दुसऱ्या कोणत्याच प्रकारे मावत नसेल तेव्हाच तो मध्ये तोडला जातो, आणि चिन्ह येत नाही. ‘वर्ड-ब्रेक’ ला ‘ब्रेक-ऑल’ देण्याचा सल्ला अनेक ठिकाणी दिला जातो. तो स्वीकारू नये. त्याने जागा असतानाही शब्द कुठेही तुटतो आणि भाषेचे सगळे नियम बाजूला पडतात. मजकूर ३२० पिक्सेल रुंदीत आडवे न सरकवता वाचता यावा ही सुलभतेची अपेक्षा पूर्ण करण्यासाठी ‘ऑटो’ आणि ‘ओव्हरफ्लो-रॅप’ ही जोडी पुरेशी आहे.

शब्दागणिक हाताने जागा सुचवायची असेल तर सॉफ्ट हायफन आहे. हे चिन्ह शब्दात असते पण दिसत नाही. ओळ तिथे तुटली तरच दिसते. ‘हायफन्स’ चे मूळ मूल्य ‘मॅन्युअल’ असल्यामुळे काहीही न लिहिता ते चालते आणि भाषेचे नियम नसलेल्या ब्राउझरमध्येही चालते. शीर्षकातील एखाद्या लांब शब्दासाठी ते मी आनंदाने वापरतो. संपूर्ण मजकुरात ते पेरून ठेवण्याच्या मात्र मी विरोधात आहे, आणि त्यामागे पस्तावलेला अनुभव आहे. एका प्रकाशनाच्या कामात आम्ही हजारो लेखांत ही चिन्हे घालून ते लेख तसेच माहितीसाठ्यात जपून ठेवले. ब्राउझरच्या मर्यादांवर कायमचा तोडगा सापडला असे आम्हाला वाटले. काही आठवड्यांनी वाचकांच्या तक्रारी आल्या की समोर दिसणारा शब्द संकेतस्थळाच्या शोधपेटीत टाकला तर एकही लेख सापडत नाही. शब्द डोळ्यांना तोच दिसत होता. चिन्हे मोजली तेव्हा कळले की साठ्यातील शब्द तीन चिन्हांनी लांब आहे. तीन अदृश्य चिन्हे मध्ये बसल्यामुळे तुलना फसत होती. वाचकांनी मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला तेव्हाही ती चिन्हे सोबत गेली. सगळा साठा साफ करायला आम्हाला चिन्हे पेरण्यापेक्षा जास्त वेळ लागला. ब्राउझरने ‘ऑटो’ मुळे दाखवलेले चिन्ह मजकुराचा भाग नसते, ते केवळ चित्रात उमटते. म्हणून शोध आणि नक्कल दोन्ही सुरक्षित राहतात. मजकूर साठवताना तो स्वच्छ ठेवावा आणि अशी चिन्हे घालायचीच असतील तर पान दाखवण्याच्या क्षणी घालावीत.

हाच मुद्दा लायब्ररीच्या प्रश्नाचे उत्तर देतो. हायफनोपॉलीसारखी लायब्ररी वर सांगितलेली अरुंद चौकटीची चाचणी करते आणि ज्या भाषेचे नियम ब्राउझरजवळ नाहीत तेवढ्यासाठीच तुकड्यांचा संच उतरवून शब्दांत सॉफ्ट हायफन घालते. आपल्या पाच भाषांपैकी इंग्रजीसाठी तिची गरज नाही, आणि खूण दुरुस्त केली की जर्मनसाठीही बहुधा भासणार नाही. पोलिशचे नियम प्रत्येक ब्राउझरजवळ आहेत का, हे त्याच चाचणीने पाहून ठरवावे. मराठी आणि हिंदीसाठी ती घालावी का, हे स्तंभाच्या रुंदीवर अवलंबून आहे. मजकूर डावीकडून सरळ आणि उजवीकडे मोकळा सोडलेला असेल तर मराठी परिच्छेद विच्छेदाशिवाय अगदी नीट वाचला जातो आणि लायब्ररीचा भार घेऊ नये. दोन्ही कडा सरळ करण्याचा आग्रह असेल आणि स्तंभ अरुंद असेल, तरच विचार करावा. कारण तिथे विच्छेद नसेल तर शब्दांमधील फटी वाढतात आणि परिच्छेदातून पांढरे ओघळ वाहू लागतात. ब्राउझर बहुतांशी एकेक ओळ भरत पुढे जातो, संपूर्ण परिच्छेदाचा एकत्र विचार करून ओळी ठरवण्याची कनूथ आणि प्लास यांची १९८१ मधील पद्धत तो सर्रास वापरत नाही. म्हणून छापील पुस्तकात सहज दिसणारी दोन्ही कडांची सरळ मांडणी मोबाईलवर हट्टाने आणू नये, असा माझा आग्रह आहे.

आपल्या संकेतस्थळावर मी कामाचा क्रम असा ठेवीन. प्रथम साच्यातील कायमची इंग्रजी खूण काढून प्रत्येक पानाची खरी भाषा तिथे येईल असे पाहीन आणि मिश्र मजकुरातील तुकड्यांवर वेगळ्या खुणा लावीन. मग ‘ऑटो’ सरसकट न लावता केवळ परिच्छेदांना लावीन. शीर्षके, बटणे, व्यक्तींची नावे, संगणकीय आज्ञा आणि कोष्टकातील क्रमांक यांना ‘मॅन्युअल’ किंवा ‘नन’, म्हणजे कुठेच न तोडण्याचे मूल्य, देईन. भाषेनुसार निवड करणाऱ्या ‘लँग’ या निवडकाने मराठी आणि हिंदीला ‘हायफनेट-लिमिट-चार्स’ चे वरचे मोठे आकडे देईन. इंग्रजीत मोठ्या अक्षराने सुरू होणारे शब्द काही ब्राउझर आपणहून तोडत नाहीत, पण जर्मनमध्ये प्रत्येक नाम मोठ्या अक्षराने सुरू होत असल्याने तिथे तसे करून चालत नाही. देवनागरीत तर विशेषनाम ओळखण्याची अशी खूणच नाही, त्यामुळे नावांभोवती टॅग असेल तर त्याच टॅगवर ‘नन’ लावणे हाच मार्ग उरतो. त्यानंतर ३२० पिक्सेल रुंदीत प्रत्येक भाषेची किमान दहा पाने ती भाषा येणाऱ्या माणसाला दाखवीन, आणि ओळीच्या शेवटी जिथे त्याचा डोळा थांबला ते शब्द लिहून घेईन. त्या शब्दांपुरते पान दाखवतानाच सॉफ्ट हायफन घालावेत. ज्या शब्दात तो हाताने घातलेला असतो, त्या शब्दात मानकानुसार ब्राउझर स्वतः शोधलेल्या जागांपेक्षा त्याला प्राधान्य देतो, म्हणून ‘राज’ आणि ‘कारण’ यांच्या मध्ये घातलेले ते एक चिन्ह ‘रण’ ला पुढच्या ओळीवर जाऊ देणार नाही.